काळ्या डोंगरातले तीनशे ग्रॅम

पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व पट्ट्यात, जिथे अँथ्रासाइट नावाचा कडक, चकचकीत कोळसा निघायचा, तिथे कित्येक गावांच्या मागे काळे डोंगर उभे आहेत. हे डोंगर माणसांनी रचलेत. कोळशाबरोबर वर आलेला दगड, शेल, भुकटी आणि त्या काळी विकायच्या लायकीचा न वाटलेला कोळसा पिढ्यान्‌पिढ्या तिथे ओतला जात राहिला. तिथले लोक त्याला 'कल्म' म्हणतात. त्याच राज्याच्या पश्चिमेला, मऊ कोळशाच्या भागात, याच मालाला 'गॉब' किंवा 'बोनी' असं नाव आहे. ढिगावर बर्चची किडकिडीत झाडं उगवलेली असतात आणि पायथ्याशी नारिंगी पाणी झिरपत असतं. ते नारिंगी पाणी लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हे ढीग तिथे कुणालाच नको आहेत. त्यांच्यात आता मोलाची वस्तू सापडली आहे: दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं, म्हणजे रेअर अर्थ्स, आणि त्यांच्या जोडीला गॅलियम, जर्मेनियम, लिथियम यांसारखे धातू. विजेच्या गाडीतल्या मोटारीचं चुंबक, पवनचक्की, रडार, चिप्स या सगळ्यांना यातलं काही ना काही लागतं. अमेरिकेने अशा खनिजांची अधिकृत यादी केली आहे आणि २०२२ च्या यादीत ५० नावं होती. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला सरकारी परवान्याची अट घातली. तेव्हापासून या काळ्या डोंगरांकडे बघायची नजर बदलली.

मग साहजिकच प्रश्न पडतो. कचरा नको आहे, त्यातली वस्तू हवी आहे, आणि उचलायला कंपनी तयार आहे. सरकारने शिक्का मारायला इतका वेळ का घ्यावा?

माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर एका साध्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब डोक्यात बसला की बाकीचे सगळे कायदे आपोआप उलगडत जातात.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कोळशातून दुर्मीळ मृदा काढण्याच्या संशोधनासाठी जो किमान दर्जा धरला होता, तो ३०० पीपीएमचा. म्हणजे दहा लाख भागांत ३०० भाग, किंवा एका टनात ३०० ग्रॅम. या तीनशे ग्रॅममध्ये सतरा वेगवेगळी मूलद्रव्यं एकमेकांत मिसळलेली असतात, त्यातला मोठा वाटा सेरियम आणि लँथॅनम या स्वस्त भावंडांचा असतो, आणि जे आहे तेही सगळं हाताला लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीत हेच प्रमाण सुमारे ६ टक्के आहे, म्हणजे टनामागे साठ किलो. कोळशाच्या कचऱ्यातून एक टन मिश्र दुर्मीळ मृदा मिळवायची, तर शंभर टक्के वसुली धरली तरी तीन हजार तीनशे टनांहून जास्त माल हलवावा, दळावा, आम्लात भिजवावा लागतो.

डोंगर पोखरून उंदीर काढणं असं आपण म्हणतो. इथला उंदीर खरोखर मोलाचा आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पोखरलेल्या डोंगराचं पुढे काय करायचं, हा प्रश्न उरतोच. टनामागे उरणारे नऊशे नव्याण्णव किलो सातशे ग्रॅम कुठे जाणार, ते पावसात काय सोडणार, आणि कंपनी बुडाली तर त्यांच्याकडे कोण बघणार? अर्ज करणारा तीनशे ग्रॅमबद्दल बोलत असतो, आणि परवाना देणारा उरलेल्याचा विचार करत असतो. दोघांची भाषा जुळत नाही ती इथेच.

बोलण्यात एक कचरा, कायद्यात तीन

आपण 'कोळशाचा कचरा' असं एकाच दमात म्हणतो. अमेरिकेच्या कायद्यात मात्र त्याचे निदान तीन वेगळे प्रकार आहेत, आणि तुमचा माल कुठल्या प्रकारात बसतो यावर कुठल्या कार्यालयाची पायरी चढायची ते ठरतं. खाणीच्या तोंडाशी पडलेला दगडमातीचा ढीग हा खाणकाम कायद्याच्या अखत्यारीत येतो. वीज केंद्रात कोळसा जाळून उरलेली राख घनकचऱ्याच्या कायद्याखाली येते. आणि खाणीतून झिरपणारं ते नारिंगी, आंबट पाणी जलप्रदूषणाच्या कायद्याखाली. तिन्हींत खनिजं आहेत, पण तिन्हींचा इतिहास वेगळा आहे. बहुतेक नियमांच्या मागे एखादी दुर्घटना उभी असते, म्हणून मी आधी दुर्घटनेबद्दल सांगतो.

२६ फेब्रुवारी १९७२. वेस्ट व्हर्जिनियाच्या लोगन काउंटीतलं बफेलो क्रीक हे खोरं. कोळसा धुतल्यावर उरलेला काळा गाळ आणि पाणी अडवण्यासाठी खाणीच्याच कचऱ्याचे बांध घातलेले होते. पावसाने भरलेला बांध सकाळी फुटला आणि खोऱ्यातली एकामागून एक वस्ती वाहून गेली. १२५ माणसं मेली, चार हजारांच्या आसपास बेघर झाली. त्याआधी पाचेक वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, वेल्समधल्या ॲबरफान गावात कोळशाच्या कचऱ्याचा ढीग घसरून शाळेवर आला होता. तिथे १४४ जण गेले, त्यातली ११६ लहान मुलं होती. कचऱ्याचा ढीग ही निर्जीव, स्थिर वस्तू आहे या समजुतीने ही माणसं मारली. ढिगाला हात लावायच्या आधी त्याचा उतार, त्यातलं पाणी आणि पाया तपासायला सांगणारा अभियंता जेव्हा अर्ज परत पाठवतो, तेव्हा हा इतिहास त्याला ठाऊक असतो.

१९७७ ची रेघ

कोळसा खाणकामावर देशव्यापी नियंत्रण आणणाऱ्या कायद्याला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दोनदा नकार दिला होता. शेवटी ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिथे त्याला 'स्मॅक्रा' म्हणतात. ही तारीख म्हणजे एक रेघ आहे. रेघेच्या अलीकडे खाण चालवणाऱ्याने आधी परवाना घ्यायचा, पैशांची हमी ठेवायची आणि काम संपल्यावर जमीन पूर्ववत करून द्यायची. रेघेच्या पलीकडे, म्हणजे १९७७ च्या आधी सोडून दिलेल्या खाणींना, बहुतेक वेळा कुणी वालीच उरलेला नाही. त्यांच्यासाठी चालू खाणींकडून टनामागे शुल्क घेऊन एक निधी उभा केला गेला. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या निधीत आणखी सुमारे ११.३ अब्ज डॉलर घातले.

परवाना बहुतेक ठिकाणी राज्य सरकार देतं. कायद्याची रचनाच अशी आहे की राज्याने केंद्राच्या तोडीचे नियम केले की अंमलबजावणी राज्याच्या हातात जाते. पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी यांनी ती घेतली आहे. टेनेसीने मात्र १९८४ मध्ये ती सोडून दिली, त्यामुळे तिथे वॉशिंग्टनचं कार्यालयच थेट परवाने देतं.

अर्जात काय लागतं? आधी पाण्याचा अभ्यास: आसपासचे झरे, विहिरी, ओढे आज कसे आहेत आणि तुमच्या कामाने त्यांचं काय होईल. मग कामाचा क्रम, उताराची गणितं, उरलेला माल कुठे आणि कसा दाबून ठेवणार, वरून माती किती, त्यावर काय लावणार. मग मालकीची कागदपत्रं. मग स्थानिक वर्तमानपत्रात सलग चार आठवडे, आठवड्यातून एकदा जाहिरात, आणि शेवटच्या जाहिरातीनंतर हरकतींसाठी तीस दिवस. आणि शेवटी बॉन्ड. बॉन्ड म्हणजे कंपनी उद्या पळून गेली तर सरकारला तिसऱ्या कंत्राटदाराकडून ती जमीन नीट करून घेता येईल एवढी रक्कम. कायद्यात किमान आकडा दहा हजार डॉलरचा आहे, पण मोठ्या ढिगासाठी तो कितीतरी पट वर जातो. शिवाय त्या कंपनीची किंवा तिच्या मालकांची देशात दुसरीकडे कुठे नियमभंगाची थकबाकी असेल, तर नवा परवाना अडतो. हे तपासायला देशभराची एक नोंदप्रणाली आहे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण खाण उद्योगात नाव बदलून पुन्हा येणं अवघड नसतं.

कायद्याला कोळसा दिसतो, स्कँडियम दिसत नाही

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. हा सगळा कायदा कोळशासाठी लिहिलेला आहे. तुम्ही ढिगातून स्कँडियम, म्हणजे त्या सतरा मूलद्रव्यांपैकीच एक, काढणार असाल आणि कोळशाशी तुम्हाला देणंघेणं नसेल, तर तुम्ही 'कोळसा खाणकाम' करताय का?

कायद्यात एक सूट आहे. दुसरं खनिज काढताना ओघात कोळसा निघाला, आणि विक्रीसाठी काढलेल्या एकूण टनेजमध्ये तो १६ पूर्णांक दोन तृतीयांश टक्क्यांपेक्षा जास्त नसला, तर त्याला कोळसा खाण धरायचं नाही. ही सूट चुनखडी किंवा चिकणमातीच्या खाणवाल्यांसाठी होती. ढीगभर चुनखडी निघते, मध्ये कोळशाचा एक पातळ थर लागतो, तेवढ्यासाठी त्याला कोळसावाला का ठरवायचं?

आता हेच माप आपल्या ढिगाला लावून बघा. समजा एका टनातून तीनशे ग्रॅम दुर्मीळ मृदा निघाली आणि दोनशे किलो जळण्याजोगा कोळसा निघाला. दोन्ही विकले तर विकलेल्या वजनात कोळसा जवळजवळ शंभर टक्के झाला. पैसा कदाचित धातूतून येईल, पण कायदा वजन मोजतो, पैसा मोजत नाही. उरलेला दगड भराव म्हणून दिला तर तो 'इतर खनिज' म्हणून गणला जात नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद. म्हणजे कोळसा विकला की तुम्ही कोळसा खाणवाले. आणि कोळसा न विकता उरलेल्या मालात परत टाकला, तर पेट घेऊ शकणारा ढीग पुन्हा उभा राहिला. पेनसिल्व्हेनियात असे धुमसणारे ढीग लोकांनी वर्षानुवर्षं सोसले आहेत. त्यामुळे प्रामाणिक कंपनीने कोळसा विकावा आणि पूर्ण परवाना घ्यावा हेच मला बरं वाटतं, जरी तो रस्ता लांबचा असला तरी.

एक आडवाट आहे. सोडलेल्या ढिगाची साफसफाई सरकारी पैशातून होत असेल, तर त्या कामात निघणाऱ्या कोळशासाठी स्वतंत्र खाण परवाना लागत नाही. १९९९ मध्ये नियम बदलून सरकारी वाटा निम्म्याहून कमी असला तरी काही अटींवर ही सवलत मिळू लागली. पण ती साफसफाईसाठी आहे. खनिज काढणं हा मुख्य हेतू आणि साफसफाई हे तोंडी लावणं, असं झालं तर ती वाट बंद होते. आणि केंद्राचा पैसा आला की केंद्राचे आणखी तीन कायदे मागोमाग येतात: पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास, ऐतिहासिक वास्तूंची तपासणी आणि संकटग्रस्त प्राण्यांचं संरक्षण. शेवटचं ऐकायला किरकोळ वाटतं, पण इंडियाना बॅट नावाचं वटवाघूळ उन्हाळ्यात झाडांच्या सुटलेल्या सालीखाली राहतं आणि हिवाळ्यात गुहांमध्ये, जुन्या खाणींमध्येही. ढिगावर आणि आसपास अशी झाडं असली तर ती फक्त हिवाळ्यात तोडा अशी अट पडते. हिवाळा हुकला की वर्ष गेलं.

हात लावला की गळ्यात

गुंतवणूकदारांना परवान्याच्या कागदांपेक्षा जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची असते, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विषय कळत नाही.

समजा ढिगाच्या पायथ्याशी ऐंशी वर्षं आंबट पाणी झिरपतंय. ते तुम्ही केलेलं नाही. तुम्ही येऊन ढीग खणायला घेतलात. त्या क्षणी कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या जागेचे चालक झालात, आणि चालकाने त्या पाण्याची आजच्या मानकांनुसार शुद्धी करायची, तीही पाणी वाहत राहील तोवर. काही ठिकाणी हे पाणी शंभर वर्षंही थांबणार नाही. तीनशे ग्रॅमच्या नफ्यासाठी असं कायमचं ओझं कोण घेईल? परिणाम असा झाला की ज्या ढिगांना हात लावायला हवा होता, त्यांनाच कुणी हात लावेना.

१९८७ मध्ये स्वच्छ पाणी कायद्यात वेस्ट व्हर्जिनियाचे खासदार निक रॅहॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती झाली. जुन्या खाणीवर पुन्हा काम करणाऱ्याने आधीपासून वाहणारं पाणी आणखी बिघडवलं नाही, एवढं दाखवलं तरी चालेल, अशी मुभा तिने दिली. केंद्रीय पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये त्याचे तपशीलवार नियम केले. त्यात आधीची प्रदूषणाची पातळी मोजण्यासाठी महिन्याला एक याप्रमाणे वर्षभर नमुने घ्यायचे असतात. कंपन्यांना हे वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. मला ते तसं वाटत नाही. बर्फ वितळल्यावर त्या ओहोळात किती लोह आणि आम्ल येतं आणि कोरड्या ऑगस्टमध्ये किती, हे माहीत नसेल तर दहा वर्षांनी 'आम्ही बिघडवलं नाही' आणि 'तुम्हीच बिघडवलं' या भांडणाचा निवाडा कोण करणार? हा वेळ कागदाला नाही, ऋतुचक्राला लागतो. फाईल कितीही वेगाने फिरवली तरी वर्षातून एकदाच हिवाळा येतो.

१९९२ मध्ये आणखी एक सवलत आली. एरवी, पुरेसा पाऊस पडणाऱ्या भागात, काम संपल्यावर लावलेली झाडं-गवत नीट जगलं याची जबाबदारी पाच वर्षं असते. जुनी खाण पुन्हा उकरून नीट करणाऱ्यासाठी ती दोन वर्षांवर आली, आणि अनपेक्षितपणे उद्भवलेल्या बिघाडासाठी पुढचे परवाने अडवायचे नाहीत असंही ठरलं.

डिसेंबर २०२४ मध्ये परोपकारी साफसफाई करणाऱ्यांना संरक्षण देणारा एक केंद्रीय कायदा झाला, आणि अनेकांना वाटलं की कोळशाच्या ढिगांचा प्रश्नही सुटला. तसं नाही. तो कायदा सोनं, तांबं, शिसं अशा कठीण खडकातल्या सोडलेल्या खाणींपुरता आहे, सात वर्षांचा प्रयोग आहे आणि परवाने जास्तीत जास्त पंधराच. कोळसा त्यात येत नाही. पेनसिल्व्हेनियाने मात्र १९९९ मध्येच स्वतःचा राज्य कायदा करून अशा लोकांना दिलासा दिला होता.

राख

राखेची गोष्ट थोडक्यात सांगतो. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत हाताला लागण्याजोग्या कोळशाच्या राखेत सुमारे १ कोटी १० लाख टन दुर्मीळ मृदा आहे, देशातल्या ज्ञात साठ्याच्या जवळपास आठपट. आकडा मोठा आहे, पण त्याच अभ्यासातला दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा आहे. पूर्वेकडच्या ॲपलॅचियन डोंगररांगांतल्या कोळशाच्या राखेत किलोमागे सरासरी ४३१ मिलिग्रॅम सापडतात, पण त्यातले तीसेक टक्केच सुटून येतात. वायोमिंगकडच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या कोळशाच्या राखेत २६४ मिलिग्रॅमच आहेत, पण त्यातले सत्तर टक्के निघतात. भट्टीच्या उष्णतेत राखेचे कण काचेसारखे होतात आणि धातू त्या काचेत अडकून बसतो.

२२ डिसेंबर २००८ रोजी टेनेसीतल्या किंग्स्टन वीज केंद्राचा राखेचा बांध फुटला आणि सुमारे ४१ लाख घनमीटर ओली राख नदीत आणि घरांवर पसरली. त्यातून २०१५ चे केंद्रीय राख-नियम आले. राख 'धोकादायक कचरा' ठरली नाही, पण तलावाचं अस्तर, भूजलाची तपासणी आणि तलाव बंद करण्याची पद्धत यांना कडक नियम लागले. सिमेंटमध्ये राख घालणं हा 'लाभकारी वापर' म्हणून यातून सुटतो, कारण राख तिथे पक्की बांधली जाते. खनिज काढण्यासाठी राख उचलली तर ती वापरली गेली असं कसं म्हणणार? आम्लात धुतलेली राख जवळजवळ तेवढ्याच वजनाने परत येते, आणि आता तिचं रसायन वेगळं असतं. बंद करून वर माती टाकलेला तलाव पुन्हा उघडायचा तर बंद करण्याची सगळी प्रक्रियाही पुन्हा उभी राहते.

नारिंगी पाणी

सगळ्या वाटांमध्ये मला सगळ्यात जास्त आशा या पाण्याची वाटते. कोळशाच्या थरांत पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. त्याला हवा आणि पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. हे आम्ल झिरपताना खडकातले धातू विरघळवत येतं. कारखान्यात जे काम महागडी रसायनं घालून करावं लागतं, ते इथे डोंगर आपला आपण करत बसलाय, रात्रंदिवस. नारिंगी रंग लोहाचा असतो, पण त्याबरोबर दुर्मीळ मृदाही येते, आणि विशेष म्हणजे तिच्यात डिस्प्रोसियम, यिट्रियम अशा जड, अधिक मोलाच्या मूलद्रव्यांचा वाटा चांगला असतो.

हे पाणी शुद्ध करणं सरकारला तसंही करावं लागतंच. चुना घालून आम्ल मारायचं, धातू गाळ होऊन खाली बसतात, वरचं पाणी ओढ्यात सोडायचं. गाळ आजवर नुसता पुरला जायचा किंवा जुन्या खाणीत ढकलला जायचा. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने राज्याच्या पर्यावरण विभागाबरोबर माउंट स्टॉर्मजवळच्या शुद्धीकरण केंद्रात हा गाळ टप्प्याटप्प्याने पाडून दुर्मीळ मृदा एकवटण्याचं तंत्र उभं केलं. पाणी सोडण्याचा परवाना आधीचाच आहे, नवा डोंगर पोखरायचा नाही, उलट ओढा स्वच्छ होतो. त्यामुळे मंजुरीचा भार खूप हलका होतो.

इथे अडचण वेगळीच निघाली. विरघळलेला धातू कुणाचा? जमीनमालकाचा, खाणीच्या जुन्या मालकाचा, की पाणी राज्याचं म्हणून राज्याचा? वेस्ट व्हर्जिनियाने २०२२ मध्ये कायदा करून टाकला की जो पाणी शुद्ध करतो, त्यातून निघालेल्या पदार्थांचा आर्थिक लाभ त्याचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याच्या पैशांतला ३० टक्क्यांपर्यंतचा वाटा पाणी-शुद्धीकरणासाठी दीर्घकाळ बाजूला ठेवायची मुभा राज्यांना दिली. म्हणजे पुढच्या पिढीतही चुना विकत घ्यायला पैसे असतील. कितीतरी गाजावाजा झालेल्या घोषणांपेक्षा या दोन छोट्या तरतुदींनी जास्त काम केलं असं माझं मत आहे.

ढिगाच्या बाबतीत मालकीचा गुंता अजून तसाच आहे. कोळशाच्या प्रदेशात जमिनीचा पृष्ठभाग एकाचा, खालचा कोळसा दुसऱ्याचा आणि इतर खनिजं तिसऱ्याची, असं शंभर वर्षांपूर्वीच्या खरेदीखतांत विभागलेलं असतं. वर आणून टाकलेला ढीग म्हणजे जमिनीचा भाग की टाकून दिलेलं सामान? निवाडा त्या खतातल्या शब्दांवर जातो. केंद्राच्या मालकीच्या जमिनीवर तर कोळसा १९२० च्या भाडेपट्टा कायद्याखाली आणि दुर्मीळ मृदा साधारणपणे १८७२ च्या खाण कायद्याखाली येते. ढीग एक, कायदे दोन, आणि दोघांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर.

एकवटलं की बदलतं

ढिगात थोडं थोरियम आणि युरेनियम असतंच. मूळ कचऱ्यात त्याचं प्रमाण बागेतल्या मातीपेक्षा फार वेगळं नसतं. पण दुर्मीळ मृदा एकवटताना थोरियमही तिच्याबरोबर एकवटू लागतं, कारण दोघांचं रसायन जवळचं आहे. मालात युरेनियम-थोरियम मिळून वजनाच्या ०.०५ टक्क्याला पोचलं की अणुनियामक परवान्याचा प्रश्न उभा राहतो. जी प्रक्रिया थोरियम आधीच वेगळं काढते ती कागदोपत्रीही सुखाची ठरते, फक्त त्या वेगळ्या काढलेल्या थोरियमची जागा आधी ठरलेली हवी.

कारखान्यातल्या कचऱ्याचंही तसंच. खाणकामातून आणि खनिज समृद्ध करण्यातून, म्हणजे नको तो दगड काढून खनिजाचं प्रमाण वाढवण्यातून, निघणारा कचरा १९८० च्या एका दुरुस्तीने धोकादायक कचऱ्याच्या कडक नियमांतून वगळला आहे. पण त्यापुढच्या शुद्धीकरणाच्या टप्प्यावर ही सूट फक्त वीस ठरावीक कचऱ्यांना मिळते. त्यामुळे 'समृद्ध करणं' कुठे संपतं आणि 'प्रक्रिया' कुठे सुरू होते, हा एरवी कंटाळवाणा वाटणारा वाद लाखो डॉलरचा होतो.

आता 'मंजुऱ्या वेगाने द्या' या मागणीबद्दल. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण अभ्यासाला मुदत घातली गेली: मोठ्या अहवालाला दोन वर्षं, छोट्याला एक. जुलै २०२५ मध्ये गृहखात्याने, जे तिथे जमीन आणि खनिजं सांभाळतं, खाणीच्या कचऱ्यातून खनिजं काढण्याला गती देण्याचा आदेश काढला. दोन्हींचा उपयोग आहे, पण मर्यादित. खासगी जमिनीवरच्या ढिगाला राज्याने दिलेल्या परवान्यासाठी हा केंद्रीय अभ्यास सहसा लागतच नाही, मग तो लवकर उरकून काय वाचणार? माझ्या मते वेळ वाचवायची जागा दुसरीकडे आहे. सरकारनेच जुन्या ढिगांचे पाण्याचे वर्षभराचे नमुने आधी घेऊन ठेवावेत, ढिगांची मालकी लावून ठेवावी आणि ही माहिती अर्जदारांसाठी खुली करावी. त्यातून प्रत्येक अर्जाचं वर्षभर वाचेल आणि ओढ्याकाठच्या एकाही माणसाचा हक्क कमी होणार नाही.

त्या ओढ्याकाठच्या माणसाने अर्ज वाचायला घेतला तर त्याने धातूंची नावं सोडून द्यावीत आणि तीन ठिकाणी थांबावं. आजच्या पाण्याचे नमुने किती महिन्यांचे आहेत. धुतलेला माल कुठे परत टाकणार आणि त्याची आम्लता तपासली आहे का. आणि बॉन्डची रक्कम त्या ठिकाणच्या पुढच्या पाणी-शुद्धीकरणाला पुरेल का, की फक्त माती सपाट करण्याचा खर्च धरलाय. यातलं काही खटकलं तर तीस दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते.

परवाना मिळाला, खणून झालं, धातू विकला गेला, तरी बॉन्ड लगेच परत मिळत नाही. उतार नीट करून पाण्याचा निचरा बांधला की साठ टक्क्यांपर्यंत सुटतो. रोपं धरली की आणखी काही. शेवटचा भाग जबाबदारीची मुदत पूर्ण होईपर्यंत सरकारकडेच राहतो. तो सोडवण्यासाठी कंपनीला पुन्हा वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, शेजाऱ्यांना पुन्हा हरकत घेता येते, आणि निरीक्षक पुन्हा एकदा त्या ढिगाच्या जागी जाऊन ओहोळाचं पाणी तपासतो.